मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे खडखडाटच?

‘घरून काम करताना शांतता हवी तर मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) नकोच, साधा रबरवाला घ्या’ असं सर्रास सांगितलं जातं. निळ्या, म्हणजे सहसा ‘क्लिकी’ (टिकटिकणाऱ्या) स्विचचा कीबोर्ड शेजारी ऐकलेल्याला हे पटणारच. पण तो ‘टिक्’ क्लिकी स्विचमधला एक वेगळा तुकडा काढतो. लाल, म्हणजे सहसा लिनिअर (सरळ खाली जाणाऱ्या) स्विचमध्ये तो तुकडाच नसतो. सायलेंट प्रकारात तर आत रबराची गादीही असते. उरतो तो मुख्यतः ‘की’ (बटण) तळाला आपटल्याचा आवाज, आणि तो रबरवाल्यातही होतोच.

दुकानात एक की अगदी हळू, तळाला न टेकवता दाबा. टिक् झालं तर स्विच क्लिकी. स्पेसबारही वाजवून बघा, बहुतेकदा तोच खुळखुळतो. घरी कीबोर्डखाली जाड टॉवेलची घडी ठेवा. आवाज लगेच बसला तर टेबलच घुमत होतं.