खानदेशात गाणारा भिकारी कधी ठरला?

भुसावळच्या फलाटावर किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कोणी ढोलकी घेऊन गायला लागलं, की येणारे-जाणारे काय करतात ते आपण रोज पाहतो. पावलं झपझप पडतात, नजर मोबाइलमध्ये शिरते, फार झालं तर दहाची नोट टाकून माणूस पुढे सटकतो. गळा गोड होता का, ताल धरला होता का, हे नंतर विचारलं तर सांगता येत नाही. कारण गाणं कानावर पडायच्या आधीच गाणारा कोण ते आपण ठरवून मोकळे झालेलो असतो. ही नजर एका दिवसात तयार झालेली नाही. तिच्यामागे दीडेकशे वर्षांच्या घडामोडी आहेत.

जुन्या गावगाड्यात गोंधळी, डवऱ्या गोसावी, भाट, वाजंत्री यांची नावं अलुतेदारांच्या याद्यांत सापडतात. गावच्या पिकात बलुतेदारांपेक्षा त्यांचा वाटा कमी, पण वाटा होता. मोरपिसांची टोपी घालून भल्या पहाटे येणारा वासुदेव, टिंगरी या तंतुवाद्यावर गोपीचंद-भर्तरीच्या कथा गाणारा नाथजोगी, गुबूगुबू वाजवत येणारा नंदीवाला हे सुगीच्या सुमारास यायचे. दादर म्हणजे इकडची ज्वारी खळ्यावर आली की सुपातून पसाभर त्यांच्या झोळीत पडायची. घेतलेलं दान कोणकोणत्या देवाला पावलं ते वासुदेव नावं घेऊन सांगायचा, म्हणजे देणाऱ्याच्या हातातही काहीतरी पडायचं. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली तेव्हा वासुदेव, जोगी, गोंधळी यांचीच सोंगं घेतली. भिक्षेकऱ्याच्या तोंडून अध्यात्म सांगितलं तर लोक कान देऊन ऐकतील, असा विश्वास असल्याशिवाय हे होत नाही.

मात्र या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. दारात मान असला तरी पाल गावाबाहेरच पडायचं. ना जमीन, ना घर, ना पोरांना शाळा. ऐकणारा आणि गाणारा एकमेकांना ओळखत होते, एवढंच त्यातलं मोलाचं. गावात वाटसरू असा कोणी नव्हताच. गाणं दारात यायचं, आणि दारातल्या माणसाकडे न बघता निघून जाता येत नाही.

ही ओळख तुटली त्याला पिकंही कारण आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. रेल्वेनं तो मुंबईला नेला. पुढे रावेर-यावलकडे केळी फोफावली, सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी भरून जाऊ लागल्या. कापूस आणि केळीचं खळं नसतं. ही पिकं पसाभर कोणाच्या झोळीत घालता येत नाहीत. त्यांचा पैसा होतो, आणि तो व्यापाऱ्याच्या पेढीवर हातात येतो. दाण्याची जागा नाण्यानं घेतली तसा गाणाराही दार सोडून बाजार, यात्रा आणि स्टेशनाकडे वळला. तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं.

नेमक्या याच काळात सरकारी कागदांनी फिरस्त्यांना नवी नावं दिली. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियर आणि जनगणनांत गाणारे-वाजवणारे कित्येक समाज भिक्षेकऱ्यांच्या रकान्यात गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. १९५२ साली तो रद्द झाला, पण गावच्या पाटलाला आणि चौकीतल्या शिपायाला लागलेली सवय रद्द झाली नाही.

त्यानंतर आला १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं म्हणजे भीक, मग ती गाणं, नाच, भविष्यकथन, खेळ अशा कोणत्याही बहाण्यानं असो वा नसो, अशी त्यातली व्याख्या आहे. गाण्याला कायद्यानं बहाणा म्हटलं. वॉरंटशिवाय अटक आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबण्याची तरतूद त्यात आहे. रेल्वे कायदा १९८९ चा. डब्यात किंवा स्टेशनात भीक मागायला त्यानंही मनाई केली. त्यामुळे भुसावळला गाडीत गाणाऱ्या पोराचा अर्धा जीव गाण्यात आणि अर्धा पोलिसाच्या चाहुलीत असतो, आणि ती धास्ती ऐकणाऱ्यालाही दिसते.

या विषयावर बोलताना वॉशिंग्टनचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. १२ जानेवारी २००७ ला जोशुआ बेल हा नामवंत व्हायोलिनवादक मेट्रो स्टेशनात ओळख न देता वाजवत उभा राहिला. हजारावर माणसं गेली, मिनिटभर थांबले ते सात जण. घाईत कला दिसत नाही, असा त्याचा अर्थ काढतात. आपल्याकडे प्रकरण त्याहून खोल आहे. बेलला कोणी ओळखलं नाही, पण त्याला कोणी चोरही समजलं नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षेसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून एवढ्या लांब आलेली ही माणसं. ज्यांच्या पूर्वजांचा डवर, म्हणजे डमरूसारखं वाद्य, ऐकून बाया सूप घेऊन बाहेर यायच्या, त्यांचा परका चेहरा आता पुरावा झाला होता. त्या बाजारात त्यांना ओळखणारं एक जरी माणूस असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

त्यानंतर सव्वा महिन्यानं, ८ ऑगस्ट २०१८ ला, दिल्ली उच्च न्यायालयानं भीक हा गुन्हा ठरवणाऱ्या याच १९५९ च्या कायद्यातल्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा कायम आहे. याच महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत वासुदेव, गोंधळी, भराडी, नंदीवाले, चित्रकथी यांची नावं आहेत आणि त्या यादीवर शिक्षण-नोकरीत आरक्षण मिळतं. दाखल्यावर ज्याची जमात लिहिली जाते, त्याचं गाणं चौकीत बहाणा ठरतं. व्याख्येतला ‘गाणं’ हा शब्द काढायला विधिमंडळाला किती वेळ लागेल ते लागो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांना आणि दुकानांना जागा आखून देतात. डवर, टिंगरी, किंगरी घेऊन येणाऱ्यांसाठी एक ओटा आखून द्यायला मात्र कोणत्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही.