पात्रता मोजणारे कान

नेतृत्वाच्या जागा महिलांसाठी राखून ठेवाव्यात का, या वादात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पात्र असेल तर येईलच की वर, आरक्षण कशाला?’ यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पात्रता मोजणारे ती निष्पक्षपणे मोजतात, ही. हे खरं आहे का, ते तपासता येतं आणि तपासलंही गेलं आहे.

पश्चिम बंगालमध्ये १९९८ पासून दर निवडणुकीत एक तृतीयांश ग्रामपंचायतींचं प्रधानपद, म्हणजे सरपंचपद, महिलांसाठी राखीव होतं. पाळी कोणाची, हे ठरावीक नियमाने ठरे. गाव पुढारलेलं की मागास याचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यामुळे राखीव आणि बिगरराखीव गावांची तुलना जवळपास प्रयोगशाळेइतकी चोख करता आली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांना एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं. गावकऱ्याची तक्रार आणि तिला पुढाऱ्याने दिलेलं उत्तर, एवढंच त्यात होतं. मजकूर शब्दशः एकच. फक्त काहींना तो पुरुषाच्या आवाजात ऐकवला, काहींना बाईच्या.

जिथे प्रधानपद कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या पुढाऱ्याला कमी गुण दिले. जिथे ते राखीव होऊन गेलं होतं, तिथे हा फरक जवळपास पुसला गेला होता. ‘पुढारी पुरुष हवा की बाई?’ असं थेट विचारल्यावर मात्र दोन्हीकडच्या पुरुषांचा कल पुरुषाकडेच राहिला. मला या संशोधनातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते. आवड बदलली नाही, तरी काम जोखण्याची नजर सुधारली. आपल्या गावच्या खऱ्या प्रधानाला गुण देताना मात्र, पद पहिल्यांदा राखीव झालं तेव्हाच्या महिलांच्या वाट्याला कमी गुणच आले. पद दुसऱ्यांदा राखीव झालं तेव्हा ती तूट राहिली नाही. आणि सलग दोनदा राखीव राहिलेल्या पंचायतींमध्ये पुढे खुल्या जागांवरही अधिक महिला उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

आता दुसरी शंका : जागा राखल्या की लायक पुरुष डावलले जातात का? स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९९३ मध्ये ठरवलं की उमेदवार यादीत एक पुरुष, एक महिला असा एकाआड एक क्रम लावायचा. पुढच्याच वर्षी नगरपालिकांच्या निवडणुकीत तो लागू झाला. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर प्रत्येक राजकारण्याच्या उत्पन्नाची तुलना त्याच वयाच्या, शिक्षणाच्या, पेशाच्या इतर लोकांशी केली आणि त्यावरून कर्तबगारीचं माप काढलं. महिलांचं प्रमाण १० टक्के बिंदूंनी वाढलं, तिथे कर्तबगार पुरुषांचं प्रमाण सरासरी ३ टक्के बिंदूंनी वाढलेलं दिसलं. जागा सोडाव्या लागल्या त्या सुमार पुरुषांना, विशेषतः सुमार पुढाऱ्यांना. सुमार पुढाऱ्याला आपल्याहून वरचढ माणूस शेजारी नकोच असतो. हा क्रम आल्यावर त्याचं गोतावळ्याचं गणित कोलमडलं. हे २०१७ मध्ये छापून आलं, आणि ‘पात्रतेचा बळी’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचायला हवं.

उद्योगांत गोष्ट इतकी सरळ नाही. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा केला : पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळावर महिला आणि पुरुष, दोघेही किमान ४० टक्क्यांच्या आसपास हवेत. २००८ पर्यंत हे साधलं नाही तर कंपनीच विसर्जित होऊ शकत होती, म्हणून बहुतेकांनी साधलं. काहींनी कंपनीचं कायदेशीर रूपच बदलून पळवाट काढली. नव्याने आलेल्या महिला संचालक आधीच्या महिला संचालकांपेक्षा जास्त शिकलेल्या आणि अनुभवी होत्या, हे अर्थशास्त्रज्ञ मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे लायक महिला मिळत नाहीत ही ओरड खोटी ठरली. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की मंडळाच्या खाली, कंपनीतल्या इतर महिलांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. मला याचं नवल वाटत नाही. संचालक मंडळ वर्षातून मोजक्या वेळा भरतं. मोठी जबाबदारी कोणाला द्यायची, पुढच्या बढतीसाठी कोणाचं नाव सुचवायचं, हे रोज ठरवतात ते व्यवस्थापक, आणि त्यांच्या खुर्च्यांना हा कायदा लागूच नव्हता.