जानेवारीत हिरवं गवत: इटलीतल्या क्रेमोना जिल्ह्याची गोष्ट

इटलीच्या उत्तरेला, मिलानच्या खालच्या अंगाला क्रेमोना नावाचा एक लांबट जिल्हा आहे. व्हायोलिनवाल्यांना हे नाव पाठच असतं आणि त्या व्हायोलिनकडे मी येणारच आहे, पण आधी तिथलं पाणी, कारण मला वाटतं ते पाणी कळलं की बाकीचा जिल्हा हळूहळू आपसूक कळत जातो.

नकाशा डोळ्यापुढे आणा. उत्तरेला आणि पश्चिमेला आल्प्स, दक्षिणेला आपेनाइन डोंगर, मध्ये पो नदीचं सपाट मैदान आणि फक्त पूर्वेला समुद्राच्या बाजूनं मोकळं, म्हणजे एका बाजूची कड तुटलेली परातच म्हणा. त्या परातीच्या तळाशी क्रेमोना. पश्चिमेला अद्दा नदी, पूर्वेकडून ओल्यो, खाली पो, आणि अख्ख्या जिल्ह्यात नाव घेण्यासारखी एक टेकडीसुद्धा नाही.

आता गंमत अशी की आल्प्समधून येणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला, पण जड दगडगोटे डोंगराच्या पायथ्याशीच पडले आणि बारीक माती नि चिकणमाती पुढे वाहत आली. त्यामुळे वरच्या पट्ट्यात पावसाचं, बर्फाचं पाणी गोट्यांमधून सरळ खाली मुरतं, जमिनीखालून दक्षिणेकडे सरकतं, आणि पुढे चिकणमाती आडवी आली की त्याला वाट मिळत नाही मग ते वर येतं. आपल्याकडे पावसाळ्यात उपळ फुटतात ना, तसंच, फक्त इथे ते बाराही महिने आणि पार पिएमाँतेपासून पूर्वेच्या फ्रिउलीपर्यंत एका लांबच लांब पट्ट्यात चालतं. या झऱ्यांना तिकडे फाँतानिले म्हणतात. क्रेमा गावाच्या आसपास ते भरपूर आहेत.

जमिनीखालून आल्यामुळे या पाण्याचं टेंपरेचर वर्षभर साधारण १० ते १५ अंशांच्या मध्ये राहतं, बाहेर शून्याखाली गेलं तरी. मध्ययुगातल्या मठांमधल्या साधूंनी आणि शेतकऱ्यांनी हे बरोब्बर हेरलं आणि लोम्बार्डीभर, म्हणजे क्रेमोना ज्या प्रांतात येतो त्या प्रांतभर, असे उताराचे वाफे काढले की हिवाळ्यात गवतावरून या कोमट पाण्याचा पातळ थर सतत वाहता राहील, जमीन गोठणार नाही, आणि ऐन थंडीत हिरवा चारा कापता येईल. याला मार्चीता म्हणतात. मला ही कल्पना फार म्हणजे फारच सुंदर वाटते. ना काच, ना इंधन, ना यंत्र, नुसता उतार आणि जमिनीतली ऊब!

अर्थात सगळं पाणी असं शहाणं नव्हतं. क्रेमाजवळ पूर्वी मोठी दलदल होती, तिला जेरुंदो सरोवर म्हणायचे, आणि तिच्यात तारांतासियो नावाचा ड्रॅगन राहतो, त्याच्या श्वासानं माणसं मरतात अशी दंतकथा होती. दलदल म्हणजे मलेरिया आणि कुजणाऱ्या पाल्याचा वायू, तेव्हा लोकांनी श्वासाला दोष दिला यात नवल नाही. पुढे चर खणून, कालवे काढून ती जमीन कोरडी केली. कालव्यांचं वेड तर विचारू नका, जेनिवोल्ता गावापाशी इतके कालवे एकत्र येतात की एक दुसऱ्याच्या वरून जातो.

चारा मुबलक म्हणून गाई, गाई म्हणून दूध, आणि दूध टिकत नाही म्हणून चीज. इथलं मुख्य चीज ग्राना पादानो. ग्राना म्हणजे दाणा, कारण दही कापून कापून तांदळाच्या दाण्याएवढं बारीक करतात, मग ते जास्तीत जास्त ५६ अंशांपर्यंत तापवतात म्हणजे दाण्यातलं पाणी बाहेर पडतं. पाणी कमी, मीठ आत, जिवाणूंनी लॅक्टोज खाऊन संपवलेलं, त्यामुळे ते महिनोन्महिने खराब होत नाही. एका चाकाला, म्हणजे चीजच्या मोठ्या गोल वडीला, साधारण ५०० लिटर दूध लागतं, चाकाचं वजन २४ ते ४० किलो, आणि निदान ९ महिने मुरवल्याशिवाय त्याला ग्राना पादानो म्हणता येत नाही. जुन्या चीजमध्ये दाताखाली कचकच लागते ते मीठ नसतं बरं का, प्रथिनं तुटून तयार झालेले टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात.

पण गाय रविवार बघत नाही. पहाटे दोन-तीनला उठून एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा, वर्षाचे ३६५ दिवस दूध काढायचं, हे काम करणाऱ्यांना तिकडे बेर्गामीनी म्हणायचे. विसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन तरुण पोरं कारखान्यांत, शहरात गेली, गोठ्यात कुणी राहीना, आणि ती जागा पंजाबी माणसांनी घेतली. मैदान, कालवे, गहू, मका, दुभती जनावरं, हे सगळं त्यांना घरचंच होतं, वर कामाबरोबर शेतावरच राहायला खोली मिळायची. २०११ मध्ये पेसीना क्रेमोनेसे या छोट्याशा गावात मोठा गुरुद्वारा उघडला. हे लोक एक दिवस थांबले तर चीजची चाकं थांबतील असं इटालियन पेपरांनीच अनेकदा लिहिलंय, आणि त्यात अतिशयोक्ती आहे असं मला वाटत नाही. मात्र इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना इटालियन नागरिकत्व आपोआप मिळत नाही, आईवडील परके असतील तर १८ वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि हे मला खरंच खटकतं.

आता व्हायोलिन. सोळाव्या शतकात आंद्रेया आमातीनं इथल्या क्रेमोना शहरात व्हायोलिन बनवायचं वर्कशॉप काढलं, पुढे स्त्रादिवारी (१६४४ ते १७३७) आणि ग्वार्नेरी घराणं आलं. वरच्या फळीचं स्प्रूसचं लाकूड आल्प्समधलं, थंडीत सावकाश वाढलेलं, म्हणून हलकं पण ताठ, आणि ताठपणा जास्त नि वजन कमी असलं की आवाज लाकडातून झपाट्यानं पसरतो. जुनी व्हायोलिनं नव्यापेक्षा खरंच सरस आहेत का यावर २०१२ मध्ये पॅरिसजवळ टेस्ट झाली, १० नामवंत वादकांनी काळे गॉगल लावून वाजवलं आणि त्यातल्या ६ जणांनी नवं व्हायोलिन निवडलं. तरी क्रेमोनाचं प्रेम कमी होत नाही, आणि होऊही नये. २०१९ च्या जानेवारीत चार जुन्या वाद्यांचा एकेक स्वर कायमचा रेकॉर्ड करून ठेवायचा म्हणून तिथल्या व्हायोलिन म्युझियमभोवतीचे रस्ते पाच आठवडे गाड्यांना बंद ठेवले, ३२ माइक लावले, सभागृहातले गुणगुणणारे दिवेसुद्धा काढले, आणि महापौरांनी लोकांना विनंती केली की हळू बोला, भांडी पाडू नका.

इतकं कान जपणारं शहर, पण श्वास मात्र वाईट. २०२१ मध्ये युरोपियन पर्यावरण संस्थेनं ३२३ शहरांची हवा तपासली त्यात क्रेमोना शेवटून दुसरं आलं. एक कारण ती परातच, हिवाळ्यात वर गरम हवेचं झाकण बसतं, वारा नाही, धुकं हलत नाही. दुसरं कारण तेच गोठे आणि त्यांच्या जोडीला डुकरांचे फार्म. शेणामुतातून अमोनिया उडतो, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून झालेल्या नायट्रिक आम्लाशी हवेतच जुळतो आणि अमोनियम नायट्रेटचे बारीक कण होतात, जे थेट फुप्फुसात खोल जातात. म्हणूनच २०२० च्या लॉकडाउनमध्ये रस्ते ओस पडून नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली आला पण बारीक कण तेवढे उतरले नाहीत, कारण गाड्या थांबल्या तरी गाई थांबल्या नव्हत्या.

आता थंडीत शेतात पातळ शेणखत ओतायला बंदी असते, शेणाच्या टाक्यांवर झाकणं घालायला सांगतात, खत वर शिंपडण्याऐवजी मातीच्या आत सोडणारी यंत्रं आलीत. आणि २०२२ च्या दुष्काळात, डोंगरात बर्फच कमी पडल्यामुळे, पो नदी ७० वर्षांत नव्हती एवढी आटली, ४ जुलैला पाच प्रांतांत आणीबाणी लागली, मक्याला द्यायला कालव्यात पाणी पुरेना, आणि गाईंचा बराचसा चारा म्हणजे तो मकाच.