संक्रांत, उत्तरायण आणि अंगणातील सावली

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सोलाणे, गाजर, वांगी, पावटे घातलेली लेकुरवाळी भाजी, दुसऱ्या दिवशी सुगडांचे वाण आणि तिळगूळ, नव्या सुनेला हलव्याचे दागिने, लहानग्यांचे बोरन्हाण आणि रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू. हे सारे कशासाठी, असे मुलांनी विचारले की बहुतेक घरांत ‘उत्तरायण सुरू झाले म्हणून’ असे उत्तर मिळते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे उत्तर अचूक होते. आज सूर्याचे उत्तरायण 21 किंवा 22 डिसेंबरला सुरू होते आणि संक्रांत त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने येते.

पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.4 अंशांनी कललेला आहे, हे आपण शाळेत शिकतो. पण या अक्षाची दिशाही अतिशय संथपणे फिरत असते आणि तिची एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ 26,000 वर्षे लागतात. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने, म्हणजे निरयन पद्धतीने ठरते, तर उत्तरायण अक्षाच्या कलण्यावर अवलंबून असते. त्यामुळे दोहोंतील अंतर साधारण 72 वर्षांना एक दिवस या गतीने वाढत गेले. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून 1957 साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत सौर पौषाचा पहिला दिवस 22 डिसेंबरला येतो, तो उत्तरायणाशी मेळ राखूनच. या दिनदर्शिकेकडे आपण फारसे लक्ष देत नाही, याची मला खंत वाटते.

तरीही संक्रांतीला दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो, तो भ्रम नव्हे. पुण्यात 22 डिसेंबरच्या सुमारास दिवस अकरा तासांचा असतो आणि संक्रांतीपर्यंत तो जेमतेम सहा-सात मिनिटांनी वाढतो. मात्र याच काळात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने त्याच्याभोवती वेगाने फिरते आणि अक्षाच्या कलण्याचीही त्यात भर पडून सूर्य माथ्यावर येण्याची वेळ 12.33 वरून 12.44 च्या आसपास सरकते. परिणामी संध्याकाळ चौदा-पंधरा मिनिटांनी लांबते, पण सूर्योदय लवकर होण्याऐवजी सात मिनिटांनी उशिराच होतो. संक्रांतीच्या पहाटे उठणाऱ्यांना अंधार अधिक वाटतो, त्यामागे हेच कारण आहे.

हे घरच्या घरी मोजता येते आणि माझ्या मते सणाच्या तयारीतच त्याला जागा द्यावी. अंगणात किंवा गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी करावी आणि 22 डिसेंबरला साडेबाराच्या आसपास दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करावी. दिवसातील सर्वांत आखूड सावली पुण्यात सुमारे 90 सेंटिमीटर भरते. पुढच्या आठवड्यात ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर घटते, कारण वळणाजवळ सूर्याचे उत्तरेकडे सरकणे फार मंद असते; मुलांनी येथे धीर सोडू नये. नंतर फरक झपाट्याने वाढतो आणि संक्रांतीच्या दुपारी तीच सावली 84 सेंटिमीटरच्या जवळ येते. काठी तशीच राहू दिली, तर मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवशी, ती पायाशीच नाहीशी होते.