छोटा भुंगेरा म्हणजे मोठ्याचं पिल्लू?

पाऊस सुरू झाला की हा समज हमखास फिरतो: अंगणात दिसणारे बारके काळे भुंगेरे ही पिल्लं असतात, पुढे तीच मोठी होतात.

तसं वाटणं स्वाभाविक आहे. करडू वाढून बोकड होतो. पण भुंगेऱ्याचं पिल्लू म्हणजे अळी. लांबट, पाठीवर पंखांचा मागमूस नाही. ती मातीत वाढते, कात टाकते, कोषात जाते. कोषातून बाहेर आल्यावर कवच एकदा टणक झालं की लांबी तीच, मरेपर्यंत.

मग एकाच जातीत लहानमोठे कसे? अळीला खाणं कमी मिळालं, गर्दी झाली, तर भुंगेरा खुजा निघतो. काही जातींत नर मादीपेक्षा लहानच असतो. आणि पुष्कळदा तर जातच वेगळी असते.

अधिवासाची छाप पिढ्यान्‌पिढ्या पडते, ती खरी बघण्यासारखी. पूर येणाऱ्या नदीकाठी लांब पंखांचे, उडणारे भुंगेरे जास्त. जुन्या, स्थिर जंगलात आखूड पंखांचे बरेच. गुहांतल्या काही जातींचे डोळे जवळजवळ नाहीसे झालेत, पाय आणि मिशा मात्र लांबलचक. आपल्या माळरानावरचा सहा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा भुंगेरा उडतच नाही, नुसता धावतो. (त्याला हातात घेऊ नका, आम्ल फवारतो.)

पडताळा सोपा आहे. पाठीवर मधोमध सरळ शिवण असलेलं टणक कवच दिसलं, तर तो प्रौढच. शंका असेल तर पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, काही आठवडे ओलसर मातीच्या बरणीत सांभाळा आणि पुन्हा मोजा. अंड्यांनी मादीचं पोट फुगेल. डोक्याची रुंदी जराही वाढणार नाही.