सल्लागार नेमणुकीचे प्रस्ताव : क्यूसीबीएसमध्ये गुण कसे पडतात, कागदपत्रे कोणती लागतात

केंद्र सरकारची मंत्रालये आणि त्यांची कार्यालये सल्लागार नेमतात ती सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १७७ ते १९६ नुसार. राज्यांचे खरेदी नियम वेगळे आहेत, पण दोन लिफाफे (एक तांत्रिक प्रस्तावाचा, दुसरा दराचा) आणि गुणांकन ही पद्धत महाराष्ट्रातल्या निविदांमध्येही सर्रास दिसते. खालची माहिती केंद्राच्या नियमांवर बेतलेली आहे. प्रत्यक्ष अर्ज करताना त्या निविदेच्या प्रस्ताव मागणी दस्तऐवजात, म्हणजे आरएफपीत, जे लिहिले असेल तेच धरायचे.

कोणती पद्धत कधी

लेखापरीक्षण किंवा साध्या बांधकामाचे आराखडे अशा ठरीव कामांना किमान खर्च पद्धत पुरते. तिथे तांत्रिक पात्रता मिळाली की सर्वात कमी दरवाल्याला काम जाते, तांत्रिक गुण पुढे मोजत नाहीत. दर्जाला महत्त्व असेल तिथे क्यूसीबीएस, म्हणजे दर्जा आणि खर्च दोन्हींना भार देणारी पद्धत. भार (आधी तांत्रिक, मग आर्थिक) ७०:३०, ६०:४० किंवा ५०:५० असा कामानुसार ठरतो. तांत्रिक बाजूचा भार ८० टक्क्यांपुढे नेता येत नाही. एकाच संस्थेला थेट नेमण्याची वाटही नियम १९४ मध्ये आहे, पण ती अपवादाची आणि कारणे नोंदवूनच.

अंदाजित खर्च २५ लाखांपर्यंत असेल तर कार्यालय चौकशी करून संस्थांची यादी करू शकते. त्याहून मोठ्या कामाला केंद्रीय खरेदी पोर्टल आणि जेम या सरकारी ई-बाजारपेठेवर जाहिरात देऊन स्वारस्य पत्रे मागवावी लागतात. अंतिम यादीत तीनपेक्षा कमी संस्था नसाव्यात.

संस्थेने काय जोडायचे

नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी, मागितलेल्या वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि उलाढालीचे सीए प्रमाणपत्र हे नेहमीचेच. सीए प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ऑनलाइन पडताळता येणारा क्रमांक, नसेल तर ते तपासता येत नाही आणि तिथेच हरकत निघते. शिवाय सही करणाऱ्याचे अधिकारपत्र, काळ्या यादीत नसल्याचे शपथपत्र, हितसंबंधांच्या संघर्षाबाबतचे निवेदन आणि मागितले असेल तर भारताशी जमिनी सीमा असलेल्या देशांबाबतचे निवेदन.

गुण मात्र खरे अनुभवाच्या कागदांवर पडतात. नुसता कार्यादेश पुरत नाही. काम पूर्ण झाल्याचे ग्राहकाचे प्रमाणपत्र हवे आणि त्यात कामाचे स्वरूप, रक्कम आणि तारखा दिसायला हव्यात. संयुक्त कामात आपला वाटा किती, हेही लिहून घ्या. तज्ज्ञांच्या माहितीपत्रांवर त्यांची स्वतःची सही असावी. एकच तज्ज्ञ दोन संस्थांच्या प्रस्तावांत सापडला तर दोघींचीही पंचाईत होते.

तांत्रिक लिफाफ्यात दराचा आकडा कुठेही येऊ देऊ नका, मनुष्यदिवसांच्या तक्त्यातसुद्धा. अशा प्रस्तावाची गत बहुधा थेट बाद होण्याचीच. एनआयसी या केंद्राच्या संगणक यंत्रणेच्या ई-निविदा पोर्टलवर, महाराष्ट्राचे महाटेंडर्सही त्यातच आले, दरपत्रकाची फाइल मूळ साच्यातच भरा. रकाने किंवा सूत्रे बदलू नका. शेवटी ‘फ्रीज’, म्हणजे प्रस्ताव अंतिम, केल्याशिवाय निविदा दाखल होत नाही. कागद चढवले म्हणजे झाले, हा समज अनेकांना भोवतो.

समितीचे काम

नियम १८९ प्रमाणे सल्लागार मूल्यांकन समितीने प्रत्येक तांत्रिक प्रस्ताव स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची कारणे सविस्तर नोंदवायची असतात. आरएफपीत नसलेला निकष ऐनवेळी लावता येत नाही. राहिलेला कागद मागवता येतो, पण तो निविदा उघडण्याआधीच अस्तित्वात असलेला हवा. जुने पूर्तता प्रमाणपत्र चालेल, नवा तज्ज्ञ चालणार नाही. आर्थिक लिफाफे फक्त तांत्रिक पात्र संस्थांचेच उघडायचे.

आता हिशेब. भार ७०:३०, तीन संस्था पात्र. अ : तांत्रिक ९०, दर ६० लाख. ब : ८०, दर ४५ लाख. क : ७२, दर ४० लाख. सर्वात कमी दराला १०० आर्थिक गुण, बाकीच्यांना १०० गुणिले किमान दर भागिले त्यांचा दर. म्हणजे अ ६६.६७, ब ८८.८९, क १००.

एकत्रित गुण :
अ = ६३ + २० = ८३.००
ब = ५६ + २६.६७ = ८२.६७
क = ५०.४० + ३० = ८०.४०

काम अ ला. पण अ चा तांत्रिक गुण ९० ऐवजी ८९ असता, तर त्याची बेरीज ८२.३० झाली असती आणि काम ब ला गेले असते. भार ६०:४० असता तरी ब च जिंकला असता. म्हणून ‘कार्यपद्धतीची समज : ३० गुण’ एवढेच लिहून मोकळे होणारी आरएफपी भांडणाला आमंत्रण देते. प्रत्येक निकषाच्या पायऱ्या लिहा. अनुभवाला, उदाहरणार्थ : तत्सम एक काम ५ गुण, दोन किंवा तीन कामे ८, चार वा अधिक १०. आणि ‘तत्सम’ म्हणजे किती रकमेचे, किती वर्षांतले, पूर्ण की चालू, हेही त्याच पानावर. सदस्यांनी आधी स्वतंत्र गुण द्यावेत. फार तफावत पडली तर चर्चा करून कारण नोंदवावे. मूळ गुणपत्रिका फाडून नवी करू नये.

दुसरा खड्डा अवाजवी कमी दराचा. वरच्याच तक्त्यात ७१ गुणांची ड संस्था २० लाखांत आली, तर तिची बेरीज ७९.७० होते आणि अ थेट ७३ वर घसरतो. त्यामुळे किमान पात्रता गुण काळजीपूर्वक ठरवावे लागतात. ७० किंवा ७५ ची अट बऱ्याच ठिकाणी असते. दर संशयास्पद कमी वाटला तर संस्थेकडून मनुष्यदिवसांनिशी दराचे विश्लेषण लेखी मागवा. तुलना जीएसटीसह की जीएसटी वगळून, हे आधीच स्पष्ट नसेल तर लिफाफे उघडल्यावर वाद ठरलेला.

निवड झालेल्या संस्थेशी कार्यकक्षा, कार्यपद्धती आणि मनुष्यबळ यांवर बोलणी होऊ शकतात, मात्र मूळ काम बदलेल इतकी नाहीत. ज्या तज्ज्ञांच्या नावावर गुण मिळाले तेच कामावर येतील, आणि बदली द्यावी लागली तर तितक्याच किंवा जास्त पात्रतेचा माणूस कार्यालयाच्या लेखी संमतीने येईल, ही अट करारात हवी.