लूनासा

लूनासा : आयर्लंडमधील सुगीच्या प्रारंभाचा पारंपरिक सण. तो १ ऑगस्टला येतो व आयरिश भाषेत त्या महिन्यालाही हेच नाव आहे. साउन (१ नोव्हेंबर), इमबोल्क (१ फेब्रुवारी) व ब्याल्टिना (१ मे) हे ऋतुसंधीचे इतर तीन सण होत. सणाचे नाव लू या देवावरून पडले. रान तोडून जमीन लागवडीखाली आणताना श्रमाने मरण पावलेल्या टाल्ट्यू या आपल्या पालक मातेच्या स्मरणार्थ लूने मीद परगण्यातील टेलटाउन येथे खेळ व जत्रा सुरू केली, अशी आख्यायिका आहे.

अलीकडच्या शतकांत मात्र सणाचे मर्म बटाट्यात होते. गरीब कुटुंबांकडील जुने बटाटे उन्हाळ्यात संपत आणि नवे जमिनीत कोवळेच असत. म्हणून जुलै हा भुकेचा महिना समजला जाई. तरीही सणापूर्वी बटाटे खणणे हे घर नीट न चालवल्याचे लक्षण मानत. सणाच्या दिवशी नवे बटाटे उकडून ठेचत आणि ढिगाच्या मध्ये खळगा करून त्यात लोणी सोडत. हे एक प्रकारचे नवान्नच होय.

जुलैच्या अखेरच्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सारा गाव जवळच्या डोंगरावर जाई. बिलबेरीची जांभळी फळे वेचणे, गाणी, नाच, कुस्त्या आणि तरुणतरुणींच्या ओळखी हा तेथील कार्यक्रम असे. पुढे कापणीला हीच माणसे ‘मेहल’ या रीतीने एकमेकांच्या शेतात राबत. इर्जिकीप्रमाणे तीतही मजुरीऐवजी जेवण आणि परतफेडीचे श्रम चालत. या मेळाव्यांच्या लोकस्मृतींचा मूलगामी अभ्यास मॉयरा मॅकनील यांनी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

ख्रिस्ती धर्माने डोंगराची वाट बंद न करता तिला संतांची नावे दिली. मेयो परगण्यातील ७६४ मी. उंचीच्या क्रोह पॅट्रिकवर जुलैच्या शेवटच्या रविवारी आजही हजारो यात्रेकरू चढतात. काही जण त्या निसरड्या खड्यांवरून अनवाणी जातात. केरी परगण्यातील किलॉर्गलिनच्या ऑगस्टमधील पक जत्रेत रानबोकडाला मुकुट घालून राजा करतात. तिचा संबंध अनेकदा लूनासाशी जोडला जातो, पण तिचे लेखी पुरावे सतराव्या शतकापलीकडे जात नाहीत. बोकडाला उंच मचाणावर ठेवण्याच्या प्रथेवर प्राणिप्रेमींनी आक्षेप घेतला आहे.